चढावरचा ताप

आमच्या घरात दोन आकड्यांचं भांडण आहे: २२५ आणि २४५. दोन्ही फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये साधारण १०७ आणि ११८. ट्रेलर ओढताना पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल किती तापलं की गाडी बाजूला घ्यायची, याचे हे दोन निकाल. पहिला माझ्या बायकोचा, दुसरा माझ्या धाकट्या भावाचा.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. आमचा सव्वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळा संसार. तो हाफ-टन पिकअपला जोडून घाटाघाटांतून बायकोच फिरवते. माझ्याकडे नकाशा आणि चहा. भाऊ डेट्रॉइटजवळ एका वाहन कंपनीत गिअरबॉक्सच्या चाचण्या करतो. वहिनी-भावजींचा हा वाद एरवी फोनवर चालायचा. यंदाच्या उन्हाळ्यात भाऊ आमच्याबरोबर आला होता, तेव्हा समोरासमोर झाला. रविवारची दुपार होती आणि आम्ही डिलनला तळ्याकाठी थांबलो होतो. पूर्वेला डेन्व्हरकडे परतताना इथूनच आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागतो: आठेक मैल, सात टक्क्यांपर्यंतची चढण, नऊ हजार फुटांच्या आसपासून थेट ११,१५८ फुटांवर. रविवारी दुपारी अख्खं डेन्व्हर डोंगरातून घरी निघालेलं असतं.

वहिनी: वर ताशी दहा मैलांनी सरकतायत गाड्या. मी आत्ता निघत नाही.

भावजी: वहिनी, आठ मैलांचा तर चढ. तो डोळ्यांसमोर ठेवूनच ही गाडी बनवलेली असते.

वहिनी: चढाची मला भीती नाही हो. चढावरच्या गर्दीची आहे. मोकळ्या रस्त्यावर पंचेचाळीसने हा चढ मी कितीदा चढले असेन. तेल १९८ वर असतं, वर पोचेपर्यंत २१२ होतं, बोगद्यात शिरलं की उतरतं. पण थांब-चाल सुरू झाली की तोच आकडा बघताबघता २३० होतो.

भावजी: होऊ दे ना. २३०ला काही होत नाही.

वहिनी: हे तुम्ही कंपनीतर्फे सांगताय की घरचे म्हणून?

(मी इथे चहाचं पाणी ठेवलं, कारण हे लवकर आटपणारं नव्हतं.)

वाद कळायला टॉर्क कन्व्हर्टर कळावा लागतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये तिथे तेल असतं. इंजिनाकडचं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचं चाक फिरतं. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. मोटारींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घाऊक प्रमाणात आला तो १९४० सालच्या ओल्ड्समोबाइलमध्ये, हायड्रामॅटिक या नावाने. मधला दुवा तेलाचा असल्याने दोन चाकांच्या वेगांत फरक राहतो, आणि त्या फरकात वाया जाणारी सगळी ताकद तेल तापवते. समजा इंजिन दीडशे हॉर्सपॉवर देतंय आणि कन्व्हर्टरमध्ये त्यातली पंधरा टक्के गळतेय, तर सतरा किलोवॅट उष्णता त्या तेलात ओतली जाते. घरचे आठ गिझर एकदम चालू केल्यासारखं. म्हणून गाडीने वेग घेतला की आतला एक क्लच दोन्ही चाकांना घट्ट धरतो. याला लॉक-अप म्हणतात. लॉक-अप झालं की ही गळती जवळजवळ थांबते. पण ताशी दहा मैलांनी ओढताना कन्व्हर्टर फारसा लॉक होत नाही. वहिनींचं म्हणणं एवढंच होतं, आणि भावजींना ते माझ्यापेक्षा बरंच जास्त ठाऊक होतं.

भावजी: मला सांगा, हा २२५ तुम्ही आणला कुठून? गॅरेजच्या भिंतीवरच्या त्या तक्त्यातून ना?

वहिनी: त्यातूनच. १७५ला तेल एक लाख मैल टिकतं, पुढे दर वीस अंशांना आयुष्य निम्मं. १९५ला पन्नास हजार, २१५ला पंचवीस, २३५ला साडेबारा. २४०च्या पुढे राळ जमायला लागते, २६०ला सील कडक होतात, २९५ला क्लच घसरतात.

भावजी: तो तक्ता जुन्या खनिज तेलांच्या जमान्यातला आहे. आताची गाडी रिकामी चालवली तरी तेल १९५-२००ला असतं, कारण आम्हीच ते तिथे ठेवतो. आत थर्मोस्टॅट आहे. तेल पुरेसं तापल्याशिवाय तो कूलरकडची वाट पूर्ण उघडतच नाही. थंड तेल घट्ट असतं, आणि घट्ट तेलात गिअर फिरवायला पेट्रोल जास्त लागतं. तुमचा तक्ता खरा धरला तर ट्रेलर न जोडतासुद्धा चाळीस-पंचेचाळीस हजार मैलांत या देशातली निम्मी पिकअप तेलापायी बसायला हवीत. बसतायत का?

वहिनी: मग तक्ता खोटा?

भावजी: तक्त्यामागचं तत्त्व खरं आहे. आऱ्हेनियसने १८८९ साली मांडलेलं: तापमान वाढलं की रासायनिक क्रिया भराभर वाढते. दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट, हा त्याचा ढोबळ हिशेब, आणि तेल खराब होणं म्हणजे मुख्यतः त्याचा हवेशी संयोग होणं. पण सुरुवातीचा आकडा आता बराच वर सरकलाय. आणि दुसरं असं की हे आयुष्य वेळेवर मोजायचं असतं, क्षणावर नाही. तुमचाच तक्ता घेऊ. २३५ला तेल आठपट वेगाने म्हातारं होतं. चढ आठ मैलांचा. म्हणजे चौसष्ट मैलांचं आयुष्य खर्ची पडलं. लाख मैलांतले चौसष्ट! त्यासाठी आपण इथे तासभर बसलोय.

हे गणित ऐकून मी मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं होतं. पण बायकोने कप खाली ठेवला.

वहिनी: गणित तेलाचं झालं, क्लचचं नाही. आणि मला दिसणारा २३५ कुठला आहे?

भावजी: चेंबरमधला.

वहिनी: म्हणजे सगळं तेल खाली येऊन एकमेकांत मिसळल्यानंतरचा. कन्व्हर्टरमधून जे बाहेर पडतं ते याहून किती गरम असतं?

भावजी: असतं जास्त. थांब-चालमध्ये बरंच जास्त असू शकतं.

वहिनी: मग चेंबर २३५ दाखवतो तेव्हा तुमच्या गिझरच्या तोंडाशी काय असेल? मी ठेवलेली मर्यादा तुम्हाला भित्री वाटते. पण माझ्या हातात जो आकडा येतो तोच उशिरा येतो आणि निवून येतो.

(गिझर माझा होता, पण असो.)

भावजींनी हे मान्य केलं, तरी त्यांचं उत्तर तयार होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला हे सगळं कळतं, म्हणाले. तेल तापायला लागलं की तो लवकर लॉक-अप करतो, खालचा गिअर धरून ठेवतो, पंखा जोरात लावतो आणि वेळ आलीच तर इंजिनाची ताकदही कमी करतो. त्याआधी काट्याने पिवळ्या पट्ट्यात जाऊन सांगितलेलं असतं. यावर वहिनी हसल्या. काटा बराच वेळ मधोमध राहील असाच आखलेला असतो. कुठल्या आकड्याला तो हलणार, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. म्हणूनच त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ रीडर खोचलेला आहे. १९९६पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला हे सॉकेट सक्तीचं आहे, आणि त्यातून सेन्सरचा नेमका आकडा फोनवर येतो.

भावजी: बरं, माझं सोडा. जे-२८०७ हे मानक तरी मानता? ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेसाठी एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने ठरवलेलं. आधी जो तो आपल्या मनाने आकडे छापायचा. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ते पाळलं, बाकीचे मागून आले. अॅरिझोनात डेव्हिस डॅमचा चढ आहे, ११.४ मैलांचा. खाली हवा किमान १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. एसी पूर्ण चालू. मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. काही न बिघडता, कुठलाही दिवा न लागता गाडी वर गेली पाहिजे.

वहिनी: आणि तो चढ संपतो किती उंचीवर?

भावजी: साधारण साडेतीन हजार फूट.

वहिनी: आपण आत्ता नऊ हजारांवर चहा पितोय.

भावजी: माहीत होतं तुम्ही हे काढणार. अकरा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येते, कूलरमधून जाणारी हवा विरळ होते, कबूल. पण इथे आत्ता वीस सेल्सिअस आहे, तिथे अडतीस. तेल ११० धरलं तर तिथे फरक बहात्तर अंशांचा, इथे नव्वदचा. विरळ हवेचं बरंचसं नुकसान थंडीने भरून निघतं.

हा मुद्दा मला नवा होता आणि बिनतोड वाटला. वहिनी गप्प बसल्या, पण हरून नाही. त्या फोनवर काहीतरी वाचत होत्या.

वहिनी: तुमच्या डेव्हिस डॅमवर वेग किती ठेवायचा असतो?

भावजी: मागे जोडचाकं नसलेल्या पिकअपला किमान चाळीस.

वहिनी: किमान चाळीस! म्हणजे तुमच्या परीक्षेत चाळीसच्या खाली कुणी येतच नाही. वर बघा, काय चाललंय.

भावजी: थांबून निघण्याची परीक्षा वेगळी असते. बारा टक्क्यांच्या चढावर, पाच मिनिटांत पाच वेळा, पुढे आणि मागेही.

वहिनी: पाच वेळा! वरच्या गर्दीत बोगद्यापर्यंत पाचशे वेळा ब्रेक लावून निघावं लागेल. तुमची गाडी तुमच्या परीक्षेत पास आहे हो, माझं काहीच म्हणणं नाही. फक्त ही परीक्षा रविवारची नाही.

माझ्या मते सगळ्या वादातलं सर्वांत वजनदार वाक्य हेच. सुरक्षित तापमान किती, हा प्रश्न आपण आकड्याचा समजतो. पण एकाच आकड्याखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात. लॉक झालेल्या कन्व्हर्टरने, चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात, आठ मैलांत पंधरा अंश चढलेला २१५ म्हणजे गिअरबॉक्स आपलं काम करतोय. घसरत्या कन्व्हर्टरने तीन मिनिटांत पंचवीस अंश उडी मारून आलेला २१५ ही पुढच्या २५०ची वर्दी आहे. मी गाडी चालवत असतो तर आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याचा वेग बघितला असता. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा दोघांनीही मला चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

मग भावजींची पाळी आली, आणि त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली.

भावजी: वहिनी, पाण्याची टाकी भरलेली आहे?

वहिनी: आहे. का?

भावजी: किती गॅलनची?

वहिनी: चाळीस.

भावजी: गॅलनला साधारण ८.३ पौंड. तीनशे तीस पौंड पाणी, म्हणजे दीडशे किलो. आयझेनहॉवर बोगदा कॉन्टिनेंटल डिव्हाइडच्या खालून जातो. इकडचं पाणी पॅसिफिकला, तिकडचं अटलांटिकला जावं अशी निसर्गाने सोय केलीय, आणि तुम्ही ते डोंगराच्या पोटातून तिकडे घेऊन निघालात. आपण घरीच जातोय ना?

वहिनी: रस्त्यात लागलं तर...

भावजी: रस्ता दीड तासाचा आहे. ड्रायव्हरच्या दारावरचा पेलोडचा स्टिकर बघितलात कधी? तुमच्या गाडीवर पंधराशे पौंड लिहिलंय. ट्रेलरच्या वजनाचे तेरा टक्के धरले तर साडेआठशे हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर. आपण तिघं आणि मागे तुमची लेक, मिळून सहाशे. हिचचं लोखंड वेगळं. मर्यादा तिथेच संपली, आणि मागच्या डिकीत कूलर, खुर्च्या, लाकडं अजून मोजलीच नाहीत. तुम्ही आकडा बघता तो परिणामाचा. कारणाचा बघत नाही.

वहिनी: हं.

भावजी: अजून एक. घाटात तुम्ही पंचेचाळीसने जाता. पण येताना युटाच्या सपाटीवर सत्तरने चालला होतात, समोरून वारा असताना. आठ फूट रुंद, दहा फूट उंच सपाट भिंत आहे ही. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. साठच्या जागी सत्तर म्हणजे जवळजवळ साठ टक्के जास्त. गिअरबॉक्स तेव्हा नववा की दहावा यात अडकला होता. वर-खाली, वर-खाली. तिथे तुमचं लक्ष फोनवर नव्हतं.

वहिनी: तेव्हा दहावा गिअर बंद करून टाकायला हवा होता, बरोबर आहे.

भावजी: आणि टो-हॉल बटण दाबून ठेवायचं. ते गिअर जास्त वेळ धरतं, लॉक-अप सोडत नाही, आणि उतारावर इंजिनाने ब्रेक लावतं.

टाकी तिथेच रिकामी केली. पिण्याचंच स्वच्छ पाणी होतं, त्यामुळे गटार शोधावं लागलं नाही. या मुद्द्यावर मी पूर्ण भावाच्या बाजूचा आहे; बायको पाण्याच्या बाबतीत दुष्काळी तालुक्यातली असल्यासारखी वागते, कारण ती खरोखर दुष्काळी तालुक्यातलीच आहे.

जादा ऑइल कूलर बसवावा का, यावर फार वेळ गेला नाही. वहिनींना हवा होता. भावजींचं म्हणणं, कारखान्यातून आलेल्या टोइंग पॅकेजमध्ये आधीच एक आहे; त्याच्यापुढे दुसरा लावला तर रेडिएटरची हवा अडते, आणि थर्मोस्टॅट काढून टाकला तर डेन्व्हरच्या जानेवारीत तेल तापायलाच वेळ लागतो, तोवर गाडी लॉक-अपही करत नाही. तो विषय बारगळला.

ट्रेलर मागे घेण्याचा विषय मात्र बारगळला नाही, आणि तिथे वहिनींनी वचपा काढला.

वहिनी: परवा कॅम्पग्राउंडवर चढणीच्या जागेत मी ट्रेलर मागे लावत होते तेव्हा तुम्ही बाहेर उभे राहून हात हलवत होतात. आत काय चाललं होतं सांगू? खडीवर चाकं रुतत होती, एक्सलरेटर हळूहळू दाबायचा, पुन्हा ब्रेक, पुन्हा वळवायचं. निघताना २०४. चौथ्या प्रयत्नाला २३१. पंखा विमानासारखा ओरडायला लागला. गाडी तीस फूटसुद्धा सरकली नव्हती.

भावजी: मग काय केलंत?

वहिनी: फोर-लो टाकला.

भावजी थांबले. फोर-लो म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा खालचा गिअर. त्यात चाकांकडे जाणारा जोर अडीचपटींहून जास्त होतो. त्यामुळे तेवढाच ट्रेलर ढकलायला कन्व्हर्टरला फारच कमी घसरावं लागतं.

वहिनी: शेजारच्या ट्रेलरमधल्या म्हाताऱ्या गुराख्याने शिकवलं मला. खडीवर किंवा मातीवरच टाकायचा, कोरड्या डांबरावर नाही; तिथे तीव्र वळणात चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर आवळले जातात. फोर-लोमध्ये पाय ब्रेकवरून नुसता उचलला तरी गाडी मागे जाते. आकडा तिथेच थांबला.

भावजी: हे मॅन्युअलमध्ये लिहायला हवं.

वहिनी: मॅन्युअल तुम्हीच लिहिता ना?

तेल मर्यादेबाहेर गेलंच तर काय करायचं, यावर दोघांत अक्षराचाही फरक नव्हता. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक लावायचा, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर काही मिनिटं चालू ठेवायचं. लगेच बंद करायचं नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग गरम तेल जिथल्या तिथे बसून राहतं. न्यूट्रलच का, तर काही जुन्या गिअरबॉक्सांत पार्कला कूलरकडे तेल जातच नाही.

साडेपाचला वरची गर्दी सुटायला लागली. निघण्याआधी शेवटचा वाद तेल बदलण्यावरून झाला.

भावजी: आमच्या पुस्तकात नेहमीच्या वापराला दीड लाख मैल आहेत.

वहिनी: त्याच पुस्तकात ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी कडक वापराचं वेगळं पान आहे, ते कुणी वाचत नाही. मी पन्नास हजारांना बदलणार. मागच्या गाडीचं काढलं तेव्हा टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून बघितला होता. नव्याचा लाल पसरतो. तो तपकिरी होता, मधोमध काळा ठिपका, आणि वास करपलेला. भावजी, तुमची स्वतःची गाडी किती मैल झालीय?

भावजी: अठरा हजार.

वहिनी: त्याआधीची?

भावजी: कंपनीची योजना असते. दोन-तीन वर्षांनी परत करायची, नवीन घ्यायची.

वहिनी: म्हणजे तुमच्या गाडीचं तेल तुम्ही आयुष्यात बदललेलं नाही.

भावजी: तसं म्हणता येईल.

वहिनी: मग माझं २२५ राहू दे. तुम्हाला गाडी तीन वर्षं टिकवायची असते, मला पंधरा.

भावजी: राहू दे. गाडी तुमची. फक्त तेल बदलताना दुकानदार जे ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून देईल ते घेऊ नका. दहा गिअरच्या खोक्यात पातळ, यूएलव्ही दर्जाचंच लागतं. डब्यावर गाडीच्या पुस्तकातला दर्जा अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

वहिनी: जुळवीन. आणि पातळी तेल गरम असतानाच बघायची ना?

भावजी: पुस्तकात दिलेल्या तापमानाला. तेव्हा तो रीडर लावा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.